पुण्याहून सांगलीला कॉलेज बदलायचंय, विषय राहिलेत – मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

धाकट्या भावासाठी विचारतेय. आम्ही तासगाव तालुक्यातले, घरची द्राक्षबाग. भाऊ पुण्याला बीएस्सीला आहे, सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ. पहिलं सेमिस्टर चांगलं गेलं. दुसऱ्याच्या परीक्षेच्या तोंडावर आण्णांची बायपास झाली. त्यात एप्रिल, म्हणजे द्राक्षबागेची खरड छाटणी. पोरगं सगळं टाकून घरी आलं. केमिस्ट्री आणि मॅथ्स राहिले. एटीकेटीवर, म्हणजे विषय राहिलेले असतानाच एसवायला (दुसऱ्या वर्षाला) गेला, पण आण्णांच्या काळजीने निम्मं सेमिस्टर गावातच गेलं. जर्नलमध्ये (प्रयोगवहीत) पहिल्या काही प्रयोगांवर सरांची सही आहे, पुढची पानं कोरी. जर्नल सर्टिफाय नाही म्हणून परीक्षेलाही बसता आलं नाही.

आता आण्णा हिंडूफिरू लागलेत आणि भावाला मनापासून शिकायचंय, पण घरून एसटीने जाऊन-येऊन. सांगलीच्या विलिंग्डन कॉलेजला मिळालं तर फारच बरं.

अडचण अशी की सांगलीसाठी विद्यापीठच बदलतं, कोल्हापूरचं शिवाजी विद्यापीठ. म्हणजे जुन्या विद्यापीठाचं मायग्रेशन सर्टिफिकेट आणि नव्या विद्यापीठाची एलिजिबिलिटी (पात्रता) आली. राहिलेले दोन विषय आधी पुण्यातूनच काढावे लागतात का? त्याचा एबीसी (क्रेडिट जमा होणारी अकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्स) आयडी आहे, पहिल्या सेमिस्टरचे क्रेडिट त्यात दिसतात. ते इकडे धरतात, की सिलॅबस जुळत नाही म्हणून परत एफवायला बसवतात? माझं स्पष्ट मत, वर्ष गेलं तरी चालेल, पण पाया कच्चा ठेवून पुढे ढकलू नये. घरात मात्र ‘वर्ष वाया जाईल’ हाच घोर. कुणी मुक्त विद्यापीठ सुचवतं, पण त्याला रोज लॅबमध्ये उभं राहायचंय आणि मला ते पटतं.

दुसरं, टीसीचं. सध्याचं कॉलेज म्हणतं, एसवायची पूर्ण फी भरा, मग टीसी. मूळ कागदपत्रं अडवू नयेत असं यूजीसीने २०१८ मध्ये कळवलंय. फी बाकी असताना ते टीसीला लागू होतं का? कुणी त्यावर लेखी अर्ज दिला असेल तर मजकूर कसा होता तेही सांगा.

आणि मधल्या खंडाचं गॅप सर्टिफिकेट नोटरीचं चालतं की तहसीलमधून घ्यावं लागतं? आण्णांची डिस्चार्ज फाईल जपून ठेवलीय, ती जोडून उपयोग होईल का?

यातून गेलेल्या कुणीतरी जरूर लिहा. आधी कोल्हापूरला विद्यापीठात जावं की थेट सांगलीत प्राचार्यांना भेटावं, एवढं कळलं तरी सोमवारी दोघं निघतो.