दुसऱ्याच्या हातचा अर्धा स्वेटर पुरा करायचाय, हात जुळवायचा कसा?

बुधवारची सुई:

नमस्कार मंडळी. गणपती झाले, नवरात्र तोंडावर आलंय आणि भाऊबीजेच्या आत मला एक पुरुषी स्वेटर पुरा करायचाय. सुरुवात माझ्या हातची नाही, म्हणून इथे विचारतेय.

आम्ही नाशिकला दर बुधवारी चार ते सहा विणायला बसतो. सोसायटीच्या देवळामागे एक खोली आहे, दोन सतरंज्या आणि पश्चिमेची मोठी खिडकी. सात जण आहोत. एका वहिनींच्या सुनेला सातवा महिना लागलाय, त्यांचं पोपटी लोकरीचं टोपडं आणि कुंची चाललीय. एक ताई क्रोशाचं तोरण करतायत, अकरा पोपटांपैकी पाच झाले. चोची सगळ्यात शेवटी लाल दोऱ्याने भरणार म्हणतात, त्यामुळे सध्या पाची पोपट बिनचोचीचे. एक काका आहेत, एसटीतून कंडक्टर म्हणून निवृत्त झालेले. ते बायकोला सोडायला यायचे, मग बसायला लागले, आता नातवाचा मफलर विणतात. आणि सगळे मिळून कमी दिवसांच्या बाळांसाठी टोप्या करतो. आमच्यातल्या एकीची भाची नर्स आहे, तिने सांगितलं की ३७ आठवड्यांच्या आधी जन्मलेल्या बाळाचं डोकं अंगाच्या मानाने मोठं असतं आणि उघडं राहिलं तर बरीच ऊब तिथूनच जाते. तेव्हापासून पिशवीत एक टोपी कायम सुईवर असते.

हे सगळं ज्यांनी आम्हाला शिकवलं त्या मावशी ७६ वर्षांच्या आहेत. धाकटा भाऊ पाचगणीला असतो, त्याच्यासाठी त्यांनी गेल्या थंडीत शेवाळी रंगाचा स्वेटर विणायला घेतला. मे महिन्यापासून उजव्या अंगठ्याचं मूळ इतकं दुखतंय की सुई धरवत नाही. एका बुधवारी आल्या, पिशवी माझ्या मांडीवर ठेवली आणि म्हणाल्या, "तू पुरा कर." त्यानंतरचे दोन बुधवार आल्याच नाहीत. फोन केला की म्हणतात, हात रिकामे ठेवून बसायला कशाला यायचं?

पिशवीत काय आहे ते सांगते. पाठ पूर्ण झालीय. पुढची बाजू मुंढ्यापर्यंत आलीय, सुईवर १६० टाके आहेत. बॉर्डर १२ नंबरच्या सुईवर, अंग १० नंबरच्या, मधोमध एक वेणी. बाह्या आणि गळा बाकी. लोकरीचे पाच गुंडे आहेत, एकावर अजून कागदी पट्टी आहे. मेनरोडच्या दुकानात तोच शेड मिळाला पण लॉट, म्हणजे रंगवलेली खेप, वेगळा.

अडचण अशी की मावशींचा हात घट्ट आणि माझा सैल. त्यांचे चार इंचात ३० टाके बसतात, त्याच सुईवर माझे २६. म्हणजे त्यांचे १६० टाके सव्वाएकवीस इंच होतात आणि माझे साडेचोवीसच्याही वर जातील.

आणखी एक आहे, ते लिहायला जरा जड जातंय. पाठीवरून बोट फिरवलं तर कुठे उंचवटा लागत नाही, इतकी एकसारखी वीण आहे. पुढच्या बाजूच्या शेवटच्या बारा ओळी मात्र तशा नाहीत. काही टाके ओढलेले, काही लोंबलेले, वेणीचा शेवटचा पीळ ढिला. तिथे अंगठा दुखायला लागला असणार. त्या उसवाव्या की राहू द्याव्या? उसवल्या तर त्यांना काय वाटेल, आणि ठेवल्या तर भावाच्या छातीवर बरोबर समोर दिसणार.

---

उलट सुलट:

ताई, आधी मापाचं सांगते. १० नंबरला चिकटून राहू नका. ११ आणि १२ वर सहा-सहा इंचाचे तुकडे विणा, धुवा, वाळू द्या, मग मधल्या चार इंचातले टाके मोजा. काठाजवळ मोजू नका, तिथे टाके खोटं बोलतात. ज्या सुईवर ३० भरतील ती तुमची सुई. बॉर्डरही त्याच हिशेबाने आणखी बारीक सुईवर घ्यावी लागेल. रुंदी जुळली की चार इंचात किती ओळी बसतात तेही पाहा. ओळी जुळल्या नाहीत तर बाहीची उंची इंचाने मोजून विणा, मावशींच्या ओळी मोजून नको.

सुया नव्या घेणार असाल तर नंबर न सांगता मिलिमीटर सांगा. आपल्याकडचे नंबर जुन्या ब्रिटिश पद्धतीचे, नंबर वाढला की सुई बारीक. आपली १० म्हणजे ३.२५ मिमी., १२ म्हणजे २.७५. अमेरिकन नंबर उलटे चालतात, त्यांची १० म्हणजे ६ मिमी. माझ्या बहिणीने एका अमेरिकन व्हिडिओवरून ८ नंबर ऐकून आपली ८ आणली, म्हणजे ४ मिमी. व्हिडिओतल्यांना ५ मिमी.ची हवी होती. पूर्ण पाठ विणून झाल्यावर ती तिच्या मुलीला बसली.

लॉट वेगळा असला तरी घाबरू नका. जुना आणि नवा गुंडा दिवसाच्या उजेडात खिडकीशी शेजारी धरा, ट्यूबलाइटखाली फरक कळत नाही. थोडाच फरक असेल तर नवी लोकर बाह्यांच्या बॉर्डरला आणि गळ्याला वापरा. तिथे वीणच बदलते, त्यामुळे रंगाची रेघ डोळ्यावर येत नाही. अंगातच जोडायची वेळ आली तर दोन ओळी जुन्या, दोन ओळी नव्या असं दोन-अडीच इंच करत जा.

बारा ओळींबद्दल माझं मत स्पष्ट आहे. उसवा. मावशींची पाठ इतकी नेटकी असताना पुढे ती गडबड ठेवणं हा त्यांच्या हाताचा मान नव्हे.

---

लडी गुंडा:

वरच्या प्रतिसादातलं सगळं पटलं, शेवटचं सोडून. माझ्या आईच्या स्वेटरला एका बाहीत अशाच सैल ओळी आहेत. वडील आजारी होते तेव्हा ती दवाखान्यात बसून विणायची. तो स्वेटर मी घालते आणि बोट आपोआप तिथे जातं. मी तरी ठेवल्या असत्या.

पण उसवायचंच ठरलं तर एक करा. सुई काढून भसाभस ओढू नका. जिथपर्यंत उसवायचं त्याच्या खालच्या चांगल्या ओळीतून आधी एक बारीक सुई पार करून घ्या, प्रत्येक टाक्याची उजवी बाजू उचलत. मग वरचं उसवलं की टाके आपोआप त्या सुईवर थांबतात, १६० च्या १६०. वेणीच्या जागी सावकाश, तिथे टाके एकमेकांवर चढलेले असतात. तुमचं काम तसंही महिनोन्‌महिने सुईवर पडून होतं. अशा वेळी सुईवरची ओळ ताणून राहते आणि नंतर धुतली तरी तिची रेघ दिसते, म्हणून निदान ती एक ओळ तरी मागे घ्यावीच लागते.

उसवलेली लोकर लगेच विणू नका, ती कुरळी असते. खुर्चीच्या पाठीला गुंडाळून लडी करा, चार ठिकाणी सैल बांधा, कोमट पाण्यात भिजवा आणि सावलीत वाळवा, सरळ होते. पण त्याआधी ती खरी लोकर आहे का बघा. दोन इंच धागा चिमट्यात धरून जाळा. केस जळल्यासारखा वास आला आणि राख बोटाने चुरली तर लोकर. वितळून कडक मणी झाला तर अॅक्रिलिक, मग इस्त्री जवळपासही आणू नका, वीण चपटी होऊन कायमची मरते. खरी लोकर असेल तर गाठही मारायची गरज नाही. दोन्ही टोकं थोडी उकलून एकमेकांवर ठेवा, पाण्याचा हात लावा आणि तळहातांत जोरात चोळा, एकजीव होतात.

---

मुका खांब:

मी सुयांवरची नाही, क्रोशावाली. पण अनेकांचे हात एकत्र आणायचा अनुभव आहे. २०१६ च्या जानेवारीत चेन्नईला क्रोशाची ११,१४८.५ चौरस मीटरची चादर मांडली होती, गिनीज विक्रम झाला. तिच्यासाठी आम्ही सांगलीहून चौकोन पाठवले होते. आमच्या दहा जणींचे दहा हात, कुणाचा चौकोन बोटभर मोठा, कुणाचा आखूड. शेवटी एकीनेच सगळ्यांना मुक्या खांबांची (क्रोशाचा एक आखूड टाका) कड घातली, तेव्हा मापात आले. त्यावरून सांगते, एक भाग एकाच हाताला द्या. दोन बाह्या दोघींनी वाटून घेऊ नका, नाहीतर एक हात लांब दिसेल. जमलं तर दोन्ही बाह्या एकाच सुईवर दोन गुंडे लावून बरोबरच विणा.

अंगठ्याचं दुखणं मलाही आहे. लांब सरळ सुयांवर सगळं वजन मनगटावर येतं. तारेने जोडलेली गोल सुई घेतली तर विणलेला भाग मांडीवर बसतो. बांबूच्या सुया हलक्या असतात आणि टाका घसरत नाही, म्हणून घट्ट धरावं लागत नाही. मी दहा मिनिटं विणते आणि ठेवते. मावशींना डॉक्टर काय म्हणतात ते विचारून एखादी टोपी तरी करता येईल.

आणि त्या बारा ओळींचं आम्हाला काय विचारता? मावशींना विचारा.

---

बुधवारची सुई:

सगळ्यांचे मनापासून आभार. काय काय झालं ते सांगते.

धागा जाळून पाहिला, खरी लोकर निघाली. मग बुधवारी सगळ्यांना ११ नंबरवर तुकडे विणायला लावले. मापं घेतली तर कुणाचे २७, कुणाचे २८, माझे साडेसत्तावीस. काकांचे बरोबर ३०. आम्ही दोनदा मोजलं. मग लक्षात आलं की आम्ही बाकीच्या सुई धरायला आईकडून, शाळेत, कुठून कुठून शिकून आलेल्या. काकांना सुई धरायलाच मावशींनी शिकवलं. धागा करंगळीला दोन वेढे देऊन घ्यायची मावशींची पद्धत आहे, तशीच ते घेतात. तेव्हा स्वेटर काकांकडे गेला.

काकांनी पिशवी घेतली पण बारा ओळींना हात लावेनात. म्हणाले, त्यांनी सांगितल्याशिवाय नाही. आम्ही तिघं रिक्षा करून मावशींच्या घरी गेलो. मी काय बोलायचं ते मनात जुळवत होते. त्यांनी चष्मा लावला, स्वेटर खिडकीशी नेला, वेणीवर अंगठा ठेवला आणि म्हणाल्या, "अगं, हे वाकडं झालंय. उसवायचं सोडून इतके दिवस बघत काय बसलात?"

काकांनी खालच्या ओळीतून बारीक सुई घातली, त्याला अर्धा तास लागला. मग धाग्याचं टोक मावशींनी स्वतःकडे घेतलं. ओढायला अंगठा लागत नाही, तो त्यांनी बाजूला उभा ठेवला आणि दोन बोटांतून धागा सोडवत गेल्या, ओळीमागून ओळ. वेणीशी आल्यावर थांबल्या, चढलेला टाका नखाने खाली घेतला आणि पुढे गेल्या. काका समोर बसून खुर्चीच्या पाठीला लडी घालत होते. बारा ओळी उसवून झाल्यावर मी टाके मोजले, १५९ भरले. मावशींनी न बघता सांगितलं, वेणीच्या डाव्या बाजूला बघ. तिथेच सुटलेला होता. क्रोशाच्या सुईने वर घेतला.

लडी भिजवून त्यांच्याच गच्चीत दोरीवर टाकून आलो. बांबूची गोल सुई ३.२५ ची मागवलीय. ती आली की मावशी टोपीचे टाके घालून बघणार आहेत. या बुधवारी त्यांना आणायला काका जाणार आहेत. बाहीला किती टाके घालायचे ते अजून त्यांनी सांगितलेलं नाही, समोर बसून सांगते म्हणाल्या.