मेडिक्लेम ही हृदयातली मूर्ती?

नगरची_सून: “ज्या घरात मेडिक्लेमची फाइल पवित्र शास्त्रापेक्षा जपून ठेवतात, त्या घराच्या हृदयात मूर्ती आहे.” काल इथं एका काकांनी हे लिहिलं, वर बायबलातल्या यहेज्केल 14:3 चा दाखला. काका, सासऱ्यांच्या बायपासच्या रात्री प्रार्थनागट गुडघ्यांवर होता, ते उपकार विसरणार नाही. पण काउंटरवर डिपॉझिट मागितलं तेव्हा तीच फाइल पुढे केली. आजारी हिज्कीया राजानं रडून प्रार्थना केली, देवानं पंधरा वर्षं वाढवून दिली, तरी यशया संदेष्ट्यानं गळवावर अंजिरांचा लेप लावायला लावलाच (2 राजे 20). मग लेपही मूर्तीच का?

शुभवार्ता_काका: लेप संदेष्ट्यानं सांगितला, एजंटानं नाही! आसा राजाचं वाचा, 2 इतिहास 16:12. पाय दुखायला लागले तर परमेश्वराला सोडून वैद्यांकडे धावला. मेला.

मागचा_बाक: लगेच नाही मेला. कारकिर्दीच्या 39व्या वर्षी पाय बिघडले, 41व्या वर्षी वारला. दोष वैद्यांकडे जाण्यात नव्हता, परमेश्वराला न विचारण्यात होता. शुभवर्तमान लिहिणारा लूक वैद्यच होता की! खरी मूर्ती बघायचीय? आपल्या चर्चचा ऑर्गन बघा. दुरुस्तीला वर्गणी, वाजवायला माणूस नाही. तबला आणला की मात्र नाकं मुरडतात. 1895 ला बाप्तिस्मा घेतलेल्या कवी ना. वा. टिळकांची भजनं चालतात, मग तबल्याचंच वावडं का?

जुनी_मंडळी: ऑर्गनचं नाव काढू नका. माझे आजोबा दर रविवारी त्याचा भाता मारायचे. तुम्ही उपासनेला येता तेव्हा दुसरं गीत संपलेलं असतं!

मागचा_बाक: मोशेचा पितळी सापही देवाच्याच आज्ञेनं घडला होता. लोक त्याला धूप जाळायला लागले, हिज्कीयानं फोडून टाकला.

जुनी_मंडळी: फोडायचंच तर घरापासून सुरुवात करा. मुलाच्या कॅनडाच्या व्हिसासाठी साखळी उपास लावलेत ना? “प्रभू, तुझी इच्छा” असं एकदा तरी म्हणालात? नुसतं कॅनडा, कॅनडा!

मागचा_बाक: मुलाला मध्ये आणायचं काम नाही.

जुनी_मंडळी: माझ्या आजोबांना कोणी आणलं?

नगरची_सून: विषय मेडिक्लेमचा होता हो.

शुभवार्ता_काका: बरं सूनबाई, ठेवा फाइल. नाहीतरी अंजीर हल्ली परवडत नाहीत. पण प्रीमियमची तारीख पाठ असेल, रविवारच्या उपदेशाचा उतारा सांगा बघू.

नगरची_सून: लूक 12, कोठारं मोठी करणारा मूर्ख धनवान. प्रीमियम ऑटो-डेबिट आहे, तारीख ह्यांना विचारा.