शब्दचर्चा: 'हाय-बँडविड्थ' म्हणजे अतिवेगवान का?

कृष्णाकाठ: इथल्या, म्हणजे सांगलीतल्या, डिप्लोमाच्या मुलांसाठी मराठीत टिपण लिहितोय. एकाच पॅकेजमध्ये, म्हणजे चिपच्या बाहेरच्या कवचात, शेजारीशेजारी बसवलेल्या चिप्स एकमेकींशी माहितीची देवाणघेवाण कशी करतात, हा विषय. पहिल्याच वाक्याला अडलोय, 'हाय-बँडविड्थ'ला मराठीत काय म्हणावं (बँडविड्थ म्हणजे सेकंदाला किती माहिती जाते ते). 'एकाच वेष्टनातील चिप्समधील अतिवेगवान संप्रेषण' असं लिहिलं, तर भाची म्हणाली, "मामा, हे बिस्किटाच्या पुड्याबद्दल आहे का?" शिवाय चिपलेटला, म्हणजे एकत्र जोडायच्या या लहान चिपला, काय म्हणू?

साताराकंदी: पॅकेज तसंच ठेवा. आपल्याकडे पॅकेज म्हटलं की पूरग्रस्तांचं नाहीतर पोराच्या नोकरीचं आठवतं हे खरं, पण चिपच्या गोष्टीत कुणी फसणार नाही. माझी हरकत 'अतिवेगवान'ला आहे. मी पुण्यात याच कामात आहे. ग्राफिक्स कार्डावर पॅकेजबाहेर बसणारी जीडीडीआर६ मेमरी घ्या. एका चिपला माहितीच्या ३२ तारा, आणि एकेक तार सेकंदाला १६ गिगाबिट पळवते. आता पॅकेजच्या आत बसणारी एचबीएम३ मेमरी घ्या. तिची तार ६.४ गिगाबिटच नेते, निम्म्याहून कमी! पण तारा १०२४. म्हणून मेमरीची एक चवड सेकंदाला ८१९ गिगाबाइट देते, बाहेरची ती एक चिप ६४ (आठ बिटांचा एक बाइट). वेग कुठे वाढला? रुंदी वाढली.

(चवड म्हणजे भाकरीची असते तशीच. मेमरीच्या चिप्स खरोखर एकीवर एक रचलेल्या असतात.)

कृष्णाकाठ: मग 'विसर्ग' कसा वाटतो? कोयनेतून पाणी किती वेगानं येतंय असं सांगलीत कुणी विचारत नाही, किती क्युसेक सोडलं ते विचारतात.

साताराकंदी: कोयना आमची, पूर तुमचा! उदाहरण मात्र चोख आहे.

जुनीपायली: उदाहरण चोख, शब्द नाही. विसर्ग म्हणजे सोडून देणं. सोडलेलं पाणी परत येत नाही, इथे तर दोन्हीकडून ये-जा आहे म्हणता. आणि व्याकरण शिकलेली मुलं शब्दापुढची दोन टिंबं शोधत बसतील. 'वहन' बघा, 'वहनक्षमता'.

मिरजजंक्शन: रेल्वेत आयुष्य गेलं, म्हणून बोलतो. आमच्या मिरजेत एके काळी तिन्ही मापांचे रूळ होते: ब्रॉडगेज, मीटरगेज, नॅरोगेज. एका मापाचा डबा दुसऱ्या रुळावर जात नाही. मग माल उतरवा, हमालांनी तो वाहायचा, दुसऱ्या डब्यात चढवायचा. वेळ जातो, हमाली पडते, पोती फुटतात. तुमच्या चिपचं असंच काही असतं का?

साताराकंदी: काका, मी चार स्लाइडमध्ये जे सांगतो ते तुम्ही चार ओळींत सांगितलंत. पॅकेजच्या बाहेर जाणारे पाय मोजकेच. त्यामुळे आत रुंद रुळांवर चाललेला माल दाराशी उतरवायचा, मोजक्या तारांवर एकामागून एक लावायचा, जीव खाऊन पळवायचा आणि पलीकडे पुन्हा मांडायचा. या हमालीला वीज लागते, उशीरही होतो. आतल्या आत अंतर मिलिमीटरचं. यूसीआयई हे चिपलेट एकमेकांना जोडण्याचं, २०२२ मध्ये जाहीर झालेलं मानक आहे. त्याच्या प्रगत प्रकारात तार जास्तीत जास्त २ मिलिमीटर, आणि जोडणीचे ठिपके एकमेकांपासून २५ ते ५५ मायक्रॉनवर. एवढे दाट ठिपके साध्या पॅकेजच्या पाटावर पेलत नाहीत, म्हणून चिप्सखाली बारीक तारांचा सिलिकॉनचा पाट घालतात, तो इंटरपोजर. तारा जवळ आणि भरपूर, त्यामुळे बरीचशी हमाली वाचते.

कृष्णाकाठ: इंटरपोजरला मी 'मध्यस्थ' लिहिलं होतं.

मिरजजंक्शन: मध्यस्थ म्हणजे मार्केट यार्डातला अडत्या. तुमचा पाट बरा, निदान कमिशन तरी मागत नाही.

जुनीपायली: आता चिपलेट. एक मोठी चिप करण्याऐवजी लहान लहान करून जोडतात, असंच ना? का पण?

साताराकंदी: बाई, छपाईच्या यंत्राची एका वेळची चौकटच २६ बाय ३३ मिलिमीटरची. त्याहून मोठी चिप एका दमात छापता येत नाही. आणि तुकडा जितका मोठा, तितकी त्यात एखादा दोष सापडण्याची भीती जास्त. एका डागापायी अख्खा तुकडा टाकायचा. कल्पना जुनीच आहे. पुढे इंटेल काढणाऱ्यांपैकी एक, गॉर्डन मूर यांनी १९६५ सालच्या, चिपवरचे घटक दुप्पट होत जातील असं सांगणाऱ्या त्या प्रसिद्ध लेखातच लिहिलं होतं की मोठी यंत्रणा लहान तुकडे जोडून करणं कदाचित स्वस्त पडेल.

जुनीपायली: मग शब्द घरातच आहे: चिपटं! दोन चिपट्यांचं मापटं, दोन मापट्यांचा शेर, चार शेरांची पायली. चिपटं म्हणजे पाव शेर. मोठ्या मापाचा लहान, पण स्वतःत पुरा असा भाग. चिपही ऐकू येते आणि लहानपणही.

साताराकंदी: वा! उद्या हापिसात म्हणून बघतो. पण आजच्या पोरांनी चिपटं कुठं पाहिलंय?

जुनीपायली: चिपलेट तरी कुणाच्या घरात फडताळावर आहे? माझ्याकडे पितळी चिपटं अजून आहे, पाठवते फोटो.

मिरजजंक्शन: आणि 'हाय-बँडविड्थ'ला सरळ 'रुंदमापी' म्हणा. शब्द रुळलेला आहे. रुळावरच.

कृष्णाकाठ: वर्गात बँडविड्थ कानावर पडणारच, म्हणून ती ठेवतो आणि पहिल्यांदा येईल तिथे 'वहनक्षमता' जोडतो. रुंदमापी शीर्षकात घेतो, मिरजेच्या गोष्टीसकट. संप्रेषण काढलं, 'देवाणघेवाण' पुरे. वाक्य आता असं: 'एकाच पॅकेजमधल्या चिपटांमध्ये होणारी रुंदमापी देवाणघेवाण.' चालेल?

जुनीपायली: चिपट्यांमध्ये. मापटं, मापट्यांमध्ये. चिपटं, चिपट्यांमध्ये. एवढं दुरुस्त करा आणि छापा.