३००ने भागत नाही, ६०० घ्यायची का?

कोथरूडचा_खंड्या:
मंडळी, फेब्रुवारीत भिगवणला पक्ष्यांचे फोटो काढायला जाऊन आलो. निकॉन डी५६०० कॅमेरा आणि ७०-३०० मिमीची झूम लेन्स. फ्लेमिंगोंचा थवा कसला भारी होता, पण घरी येऊन बघतो तर नुसतं पाणीच पाणी आणि मधे गुलाबी ठिपके, बायको म्हणाली हे शेवाळ आहे का. तेव्हापासून सिग्माची १५०-६०० मिमीची लेन्स डोक्यात बसलीये. हिशोब मांडला, ५० मीटरवर ३००ला फ्रेममधे साधारण ४ मीटर रुंदी मावते, ६००ला २ मीटर, म्हणजे तोच पक्षी चौपट जागा व्यापणार. लाखाच्या घरातलं प्रकरण आहे म्हणून विचारतोय.

खांदेदुखी:
घेऊ नका. माझ्याकडे आहे म्हणूनच सांगतोय. जवळजवळ दोन किलोचं धूड, पहिले तीन रविवार उत्साहात गेले, चौथ्या रविवारपासून कपाटात. नावेत ट्रायपॉडचा उपयोग शून्य, नाव हलली की ट्रायपॉडपण हलतो. आणि ६००ला व्ह्यूफाइंडरमधे पक्षी शोधेपर्यंत तो इंदापूरला पोचलेला असतो.

पाषाणकर:
@खांदेदुखी १५०ला शोधायचा आणि मग झूम करायचं, सरळ ६००वर सुरुवात कोण करतं? ३००वाल्यांचं दुसरं पालुपद म्हणजे 'जवळ जा'. नाववाल्या दादांच्या मागे अजून थोडं पुढे घ्या म्हणून लागायचं, अख्खा थवा उठतो आणि मग सगळे खूश की फ्लाइट शॉट मिळाला. पक्षी खात होता हो तिथे! लांबून काढता येतो हाच लांब लेन्सचा खरा फायदा.

खांदेदुखी:
जवळ जा असं मी म्हणालोच नाही, वाचा नीट. क्रॉप करा म्हणतोय. २४ मेगापिक्सेल आहेत, ३००चा फोटो ६००इतका कापला तरी ६ उरतात, ए४ प्रिंट ठीकठाक येते. व्हॉट्सॅपवर तर कोणाला कळणारपण नाही.

पाषाणकर:
६ मेगापिक्सेलमधे पिसं शोधा मग!

माळरान:
@खंड्या एक सांगा, ते ठिपके किती वाजताचे?

कोथरूडचा_खंड्या:
साडेअकरा असतील. आधी मिसळ खाल्ली 😅

माळरान:
तरीच. ऊन चढलं की गरम-गार हवेचे थर हलायला लागतात, पाण्यावर काय आणि सासवडकडच्या माळावर काय, लांबचं सगळं लिबलिबीत दिसतं, आणि ३०० असो नाहीतर ६००, दोन्ही लेन्सा त्याच हवेतून बघणार ना, ६०० ती थरथर फक्त मोठी करून दाखवते, मग लोक म्हणतात लेन्स सॉफ्ट निघाली आणि सर्व्हिस सेंटरला चकरा मारतात. मी स्वतः मारल्यात. पहाटे चारला निघा, उजाडता नावेत बसा, नऊला आवरतं घ्या. मिसळ येताना.

नवीन_भिडू:
टेलिकन्व्हर्टर (कॅमेरा आणि लेन्सच्या मधे बसणारं जादा भिंग) लावला तर? स्वस्तात ६००.

माळरान:
२एक्सने दोन स्टॉप जातात, म्हणजे उजेड चौथाई उरतो, अपर्चर ५.६चं ११ होतं, ऑटोफोकस मान टाकतो. नको.

सिंहगड_व्हॅली:
सगळे भिगवणवरच भांडताय. खंड्याराव, वर्षातून भिगवण किती वेळा, आणि बाकीचे रविवार कुठे?

कोथरूडचा_खंड्या:
भिगवण एकदा, फार तर दोनदा. बाकी सिंहगड व्हॅली नाहीतर कवडीचा नदीकाठ.

सिंहगड_व्हॅली:
मग लांबचं सोडा, बारक्याचं बघा. टिकेल्स ब्लू फ्लायकॅचर १४ सेंटिमीटरचा, ८ मीटरवर बसलाय. ३००ला फ्रेमची रुंदी ६३ सेंटिमीटर, ६००ला ३१. म्हणजे समोरच्या फांदीवरच्या पक्ष्यालाच ६०० जास्त लागते, अंतराचा प्रश्नच नाही. गोची अशी की तिथे झाडीखाली अंधार, १५०-६००च्या ६.३ अपर्चरला आयएसओ ३२००च्या खाली येत नाही, म्हणजे फोटो दाणेदार, आणि शटर स्पीड तरी १/४००-१/५०० सेकंदाच्या वर हवा. स्टॅबिलायझेशन तुमचा हात धरेल, पक्ष्याची मान नाही.

पाषाणकर:
म्हणून निकॉनची २००-५०० घ्या, सरळ ५.६.

सिंहगड_व्हॅली:
५.६ आणि ६.३मधे स्टॉपचा तिसरा हिस्सा फरक, आणि वजन वाढून सव्वादोन किलोच्या वर. त्याने अंधार काय हटणार.

खांदेदुखी:
सव्वादोन ऐकूनच खांदा दुखला. खंड्याराव, माझी कपाटातली घेऊन जा, निकॉन माउंटच आहे. दोन रविवार वापरा, मग काय ते ठरवा.

कोथरूडचा_खंड्या:
खरंच?? शनिवारी संध्याकाळी येऊ का? व्हॅलीलाच नेतो आधी.

खांदेदुखी:
या. आवडली तर परत आणू नका, आपण किमतीचं बोलू.

पाषाणकर:
आत्ता कळलं 'घेऊ नका' कशासाठी चाललं होतं 😂