एडनला जाण्याची इच्छा हा बेजबाबदारपणा आहे का?

खारघरकर (धागा सुरू करणारा):
सरकारने जेथे जाण्यास मनाई केली आहे त्या देशात जाऊ पाहणारे लोक केवळ मिरवण्यासाठी साऱ्या देशाला वेठीस धरतात, असे काल एका सदस्यांनी येथे लिहिले. ते मला इतके झोंबले की सविस्तर उत्तर दिल्यावाचून राहवत नाही. माझे आजोळ शिरढोणचे. दर १७ फेब्रुवारीला आजोबा आम्हा मुलांना वासुदेव बळवंत फडक्यांच्या वाड्यापाशी नेत आणि येमेनमधल्या एडनच्या तुरुंगाचे दार बिजागऱ्यांसकट उखडून ते कसे निसटले, कसे पकडले गेले आणि अन्नत्याग करून १८८३ साली तेथेच कसे वारले, हे सांगत. शिरढोणची मूठभर माती एडनला न्यावी, ही आजोबांची इच्छा होती आणि आता ती माझी आहे. ज्या एडनचा कारभार १८३९ पासून नव्वदहून अधिक वर्षे आपल्या मुंबई इलाख्यातून चालला, तेथे आज भारतीय पासपोर्टवर जाता येत नाही, कारण सप्टेंबर २०१७ पासून येमेनच्या प्रवासावर बंदी आहे आणि ती मोडल्यास पासपोर्ट जप्त होऊ शकतो. बंदी उठवा, असे मी म्हणत नाही. माझ्यासारख्याची इच्छा मिरवण्याची नाही, एवढेच म्हणतो.

नेरूळची एक वाचक:
आपल्या भावनेचा आदर आहे, पण २०१५ साली माझी मावसबहीण येमेनची राजधानी सना येथे नर्स होती, म्हणून गप्प बसवत नाही. बॉम्बहल्ल्यांमुळे आकाश बंद होते आणि विमानांना दिवसातून मोजक्या तासांचीच मुभा मिळत असे. ती जिबूतीमार्गे घरी पोहोचेपर्यंत मावशीने धड अन्न घेतले नाही. सरकारच्या त्या सुटका मोहिमेत ४,६०० हून अधिक भारतीय बाहेर काढले गेले, ज्या एडन बंदरात आपण माती नेणार तेथूनही आपल्या युद्धनौकेने माणसे उचलली. त्यानंतर मार्च २०१६ मध्ये एडनमधूनच भारतीय धर्मगुरू फादर टॉम उळुन्नालिल यांचे अपहरण झाले आणि सुटका व्हायला दीड वर्ष लागले. बंदीचा आदेश त्या सुटकेनंतर दोन आठवड्यांनी निघाला. तेथे आपले काही बरेवाईट झाले, तर धावाधाव ज्यांना करावी लागेल त्यांची मुलेबाळेही कोठेतरी वाट पाहत असतात.

राबोडीचा रहिवासी:
एका देशाला जाता येत नाही म्हणून आपण व्यथित आहात. माझा धाकटा भाऊ वेल्डर आहे आणि दहावी नापास असल्यामुळे त्याच्या पासपोर्टवर ईसीआर, म्हणजे ‘परदेशी नोकरीआधी सरकारी तपासणी आवश्यक’ असा शिक्का आहे. नोकरीसाठी आखातात निघायचे तर त्याला सरकारची वेगळी मंजुरी लागते. अशा १८ देशांची यादीच आहे आणि येमेनही तिच्यात आहे. त्याच विमानातल्या पदवीधराला मात्र कोणी काही विचारत नाही. पासपोर्ट अडवतो कोणाला, हा प्रश्न शिरढोणच्या मातीपेक्षा मोठा आहे.

कोपरीकर:
ही तुलना चुकीची आहे. ईसीआर अडवण्यासाठी नसून कामगाराचा करार आणि मालक तपासण्यासाठी आहे. आमच्या इमारतीतल्या रखवालदाराच्या मुलाला एका एजंटाने ही मंजुरी टाळण्यासाठी पर्यटक व्हिसावर पाठवले. तेथे पगार मिळाला नाही, मालकाने पासपोर्ट काढून घेतला आणि करारच नसल्यामुळे दाद कोणाकडे मागावी हे आई-बापांना उमजेना. आपल्या भावाने त्या शिक्क्याचा राग करू नये.

राबोडीचा रहिवासी:
माझ्या भावाने काय करावे हे आपण सांगू नये. मंजुरीचे कागद अडकले म्हणून त्याची नोकरी दुसऱ्याला गेली आणि आईचे गहाण टाकलेले दागिने अजून सुटलेले नाहीत. त्या मुलाला एजंट का गाठावा लागला, याचाही विचार करा. रीतसर वाट सोपी असती तर तो चोरवाटेने गेलाच नसता. एजंट फसवतो हे मान्य, पण शिक्षा दहावी नापास मुलाला का?

नौपाड्यातील निवृत्त वकील:
कोपरीकरांनी शेवटच्या प्रश्नाला उत्तर द्यावे, कारण मूळ विषयाचे मर्म तेथेच आहे. परदेशप्रवास हा व्यक्तिस्वातंत्र्याचा भाग आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९६७ साली सतवंत सिंह साहनी खटल्यात ठरवले आणि त्याच वर्षी पासपोर्ट कायदा आला. १९७८ च्या मनेका गांधी खटल्याने, अडवण्याची पद्धतही न्याय्य असली पाहिजे, हे स्पष्ट केले. बंदी नेहमी जिवाच्या काळजीपोटीच असते असेही नाही. वर्णभेदाच्या काळात आपल्या पासपोर्टवर दक्षिण आफ्रिका वगळलेली असे आणि मला ते तेव्हाही योग्य वाटत होते. येमेनच्या आदेशात विशिष्ट, अत्यावश्यक कारणासाठी ठरावीक मुदतीची सूट देण्याची तरतूद आहे. तरीही येमेनमध्ये फाशीची शिक्षा झालेली केरळची नर्स निमिषा प्रिया हिच्या आईला मुलीच्या सुटकेसाठी तेथे जाण्याकरिता दिल्ली उच्च न्यायालयात जावे लागले आणि डिसेंबर २०२३ मध्ये परवानगी मिळाली. आईचे कारण अत्यावश्यक ठरण्यासाठी न्यायालय लागत असेल, तर ती तरतूद कागदावरच आहे.

कोपरीकर:
मंजुरीला लागणारा वेळ अन्यायकारक आहे, एवढे मी मान्य करतो. मंजुरीच नको, हे नाही.

खारघरकर:
नेरूळच्या ताईंचे म्हणणे मला रुचले नाही, पण खोडूनही काढता येत नाही. त्या आईच्या कारणाशेजारी माझी मातीची मूठ ठेवली, तर ती अत्यावश्यक नाही, हे जड मनाने कबूल करतो. मात्र मी मिरवण्यासाठी निघालो होतो, हे विधान संबंधित सदस्यांनी मागे घ्यावे, ही मागणी कायम आहे. माती आजोबांच्या पितळी डब्यात आहे. आदेश बदलेल त्या दिवशी अर्ज करीन, तोवर ती तेथेच राहील.