मदत हवी आहे: घरकामासाठी बॅटरीचे ड्रिल कोणते घ्यावे, 12 व्होल्ट की 18?

नमस्कार.

घरातील लहानसहान कामांसाठी बॅटरीवर चालणारे ड्रिल घेण्याचा विचार आहे. माहितीपत्रके वाचून झाली आहेत, दुकानात यंत्रे हातात घेऊनही पाहिली आहेत, तरीही काही मुद्द्यांवर निर्णय होत नाही, म्हणून येथे सविस्तर विचारत आहे.

कामे दोन घरांत आहेत आणि दोन्हींच्या भिंती अगदी वेगळ्या आहेत. आमचे परळचे घर पुनर्विकासात उभ्या राहिलेल्या इमारतीत आहे. तिथे बाहेरच्या बाजूच्या भिंती सलग काँक्रीटच्या आहेत आणि खोल्यांमधल्या भिंती सिपोरेक्सच्या, म्हणजे हलक्या ब्लॉकच्या. आई गिरगावात जुन्या चाळीत राहते. तिच्याकडे विटांच्या जाड भिंती आहेत आणि त्यांवर चुन्याचा गिलावा आहे. परळला पडद्यांचे दांडे आणि पुस्तकांच्या फळ्या लावायच्या आहेत. आईकडचे काम अधिक महत्त्वाचे आहे: मोरीत तिला धरून उठता यावे यासाठी स्टीलचा आधारदांडा बसवायचा आहे, आणि तो तिचा सगळा भार पेलेल असाच बसला पाहिजे.

वायरचे ड्रिल स्वस्त पडते आणि त्याची ताकदही कमी नसते, हे मला ठाऊक आहे. पण आईच्या मोरीजवळ प्लग नाही, ओल्या जागेत 230 व्होल्टची वायर ओढत नेणे मला नको वाटते, आणि यंत्र पिशवीत घालून प्रभादेवीहून चर्नी रोडपर्यंत लोकलने न्यायचे असल्यामुळे वजनाचाही विचार करावा लागतो. 12 व्होल्टचे यंत्र बॅटरीसह सव्वा किलोच्या आसपास भरते, तर 18 व्होल्टचे दीड ते पावणेदोन किलोपर्यंत जाते. शिडीवर उभे राहून हात वर केला की हा फरक चांगलाच जाणवतो.

माझे प्रश्न असे आहेत. या कामांना 12 व्होल्ट पुरेल का? काही कंपन्या 18 लिहितात, काही 20 लिहितात आणि ऑनलाइन विकल्या जाणाऱ्या काही स्वस्त संचांवर तर 48 लिहिलेले असते, तेव्हा तुलना कशी करावी? बॅटरीची क्षमता अँपिअर-तासांत देतात, तर 4 अँपिअर-तासांची एक बॅटरी बरी की 2 अँपिअर-तासांच्या दोन? आणि काँक्रीटच्या भिंतीचे काय करावे? अंदाजपत्रक बॅटऱ्या आणि चार्जर धरून दहा हजार रुपयांच्या आत आहे.

प्रतिसाद 1

ताई, तुम्ही भिंतींचे वर्णन आधी दिलेत हे फार चांगले केलेत, कारण ड्रिलची निवड तिथूनच सुरू व्हायला हवी.

आकड्यांचा गोंधळ आधी दूर करतो. लिथियम-आयन सेलचा नाममात्र दाब 3.6 व्होल्ट असतो आणि पूर्ण भारित असताना तो 4.2 व्होल्टपर्यंत जातो. असे 5 सेल एकापाठोपाठ जोडले की नाममात्र 18 व्होल्ट होतात आणि चार्जिंग संपल्यावर लगेच मोजले तर 20 ते 21. म्हणजे एकाच बॅटरीला एक कंपनी 18 म्हणते आणि दुसरी 20 कमाल म्हणते. त्याच हिशेबाने 12 व्होल्टच्या बॅटरीत 3 सेल असतात आणि तिचा नाममात्र दाब 10.8 असतो. अनोळखी संचावर 48 किंवा 88 छापलेले असले तरी आत बहुधा हेच 5 सेल असतात, त्यामुळे तो आकडा विचारातच घेऊ नका. खरी तुलना वॉट-तासांत, म्हणजे व्होल्ट गुणिले अँपिअर-तास या हिशेबाने करावी. 18 गुणिले 2 म्हणजे 36 वॉट-तास, आणि 10.8 गुणिले 2 म्हणजे 21.6. नामांकित कंपनीच्या बॅटरीवर हा आकडा छापलेला असतो.

आता भिंती. सिपोरेक्समध्ये हॅमर, म्हणजे ड्रिलची ठोके देत फिरण्याची सोय, मुळीच लावू नका. ठोक्यांनी ब्लॉकचा भुगा होतो, भोक मोठे पडते आणि गिट्टी, म्हणजे स्क्रू धरण्यासाठी भोकात बसवायची खुंटी, आतल्या आत फिरत राहते. साध्या फिरत्या बिटने, लागल्यास गिट्टीपेक्षा किंचित बारीक भोक पाडा आणि हलक्या ब्लॉकसाठी मिळणारी लांब गिट्टी वापरा. पुस्तकांचे वजन मोठे असते, म्हणून फळीला दोनच्या जागी तीन-चार आधार द्या. या कामाला 12 व्होल्ट सहज पुरते.

काँक्रीटची गोष्ट निराळी आहे. इम्पॅक्ट ड्रिलमध्ये दात असलेल्या दोन चकत्या एकमेकींवरून घसरत जातात आणि त्यातून बारीक पण पुष्कळ ठोके निघतात. त्या ठोक्यांमागचा जोर तुमच्या हाताने रेटावा लागतो. रोटरी हॅमरमध्ये दट्ट्या हवा दाबतो आणि ती दाबलेली हवा आतल्या घणाला बिटवर आपटते, त्यामुळे ठोके संख्येने कमी असूनही प्रत्येक ठोका जड असतो आणि माणसाला रेटावे लागत नाही. चांगले कार्बाइड टोकाचे बिट असेल तर 18 व्होल्टच्या इम्पॅक्ट ड्रिलने काँक्रीटमध्ये 6 मिलिमीटरची दोन-चार भोके सावकाश पडतील, पण 8 किंवा 10 मिलिमीटरची अनेक भोके पाडायची असतील तर ते यंत्र तापेल आणि तुम्ही दमाल. त्या कामापुरता रोटरी हॅमर असलेला इलेक्ट्रिशियन बोलावणे अधिक शहाणपणाचे आहे. बिट जाता जाता अचानक अडले तर आत सळई आहे असे समजून जागा बदला. सळईवर कार्बाइडचे टोक तुटते आणि सळई कापणे इमारतीलाही बरे नाही. काँक्रीटच्या भिंतीत विजेच्या नळ्याही ओतकामातच बसवलेल्या असतात, तेव्हा स्विचबोर्डाच्या सरळ वर किंवा खाली भोक पाडू नका.

आईंच्या दांड्याबद्दल थोडे जास्त लिहितो, कारण तिथे चूक परवडणारी नाही. मोरीला फरशा असतील तर वरची फरशी हॅमर बंद ठेवून, कमी वेगाने, चिकटपट्टी लावून आणि फरशीसाठीच्या बिटने भेदा. विट लागल्यावर मग हॅमर सुरू करा. चुन्याचा गिलावा जाड असतो आणि तो काहीही धरून ठेवत नाही, त्यामुळे गिट्टी पूर्णपणे विटेत बसली पाहिजे. स्क्रूची लांबी फरशी आणि गिलाव्याची जाडी वगळून मोजा. भोक दोन विटांमधल्या सांध्यात पडले तर ते सोडून द्या. भोकातून लाल भुकटी येत असेल तर विट आहे, पांढरी किंवा करडी वाळू येत राहिली तर सांधा किंवा गिलावा आहे. विट ठिसूळ निघाली तर जाळीची नळी आणि रेझिन वापरून केमिकल अँकर करावा, म्हणजे भोकात घट्ट होणाऱ्या रेझिनने स्क्रूचा आधार पक्का करावा. सर्वांत आधी ती भिंत मूळची आहे की नंतर आडोशासाठी बांधलेली अर्ध्या विटेची आहे, हे पाहा. आडोशाची असेल तर त्या भिंतीवर दांडा नको. दांडा बसल्यावर आईंनी धरण्याआधी घरातल्या वजनदार माणसाने त्याला लटकून पाहावे.

या सगळ्याचा विचार करता मी 18 व्होल्ट सुचवीन. जमल्यास ब्रशलेस मोटर घ्या, कारण तीत कार्बन ब्रशचे घर्षण नसते आणि एका चार्जमध्ये काम जास्त होते.

प्रतिसाद 2

वरील प्रतिसादातले भिंतींचे विवेचन पूर्ण पटले, मात्र निष्कर्षाशी मी सहमत नाही. ताईंच्या यादीत काँक्रीट सोडले तर 12 व्होल्टला न झेपणारे काम दिसत नाही, आणि काँक्रीटसाठी माणूस बोलवायचाच असेल तर दरवेळी अर्धा किलो जास्त का वाहायचे? विटेत 8 मिलिमीटरचे भोक 12 व्होल्टचे इम्पॅक्ट ड्रिल पाडते. थोडा वेळ अधिक लागतो, इतकेच. पुढे करवत, ग्राइंडर अशी यंत्रे घेण्याचा विचार असेल तर मात्र 18 व्होल्टच घ्या.

बॅटरीबाबत एक गोष्ट मनावर घ्यावी. आज तुम्ही जी बॅटरी घ्याल, तिच्यात बसणारी यंत्रेच पुढे स्वस्तात, म्हणजे बॅटरीशिवाय, घेता येतात. मकिताची 18 व्होल्टची एलएक्सटी मालिका 2005 पासून चालू आहे, इतका काळ टिकलेली मालिका निवडणे हिताचे असते. नुसते नाव सारखे असून भागत नाही: बॉशच्या निळ्या व्यावसायिक यंत्रांची आणि हिरव्या घरगुती यंत्रांची 18 व्होल्टची बॅटरी एकमेकांना चालत नाही.

2 अँपिअर-तासांच्या दोन बॅटऱ्या घ्या. एक चार्जरवर असताना दुसरी कामात राहते, वजन कमी राहते आणि एक निकामी झाली तरी काम थांबत नाही. बॅटरी उन्हात तापलेल्या खिडकीत ठेवू नका, तापलेली असताना चार्जिंगला लावू नका आणि महिनोन्‌महिने वापर नसेल तर अर्धी भरून कोरड्या कपाटात ठेवा. मुंबईच्या पावसाळ्यात बिटे आणि चक (बिट धरणारा जबडा) गंजतात, म्हणून तेलाचा हलका हात फिरवून ठेवावा. निकामी बॅटरी कचऱ्यात टाकू नये. 2022 च्या नियमांनुसार ती परत घेऊन तिची विल्हेवाट लावण्याची जबाबदारी उत्पादकावर आहे.

धागाकर्तीचे उत्तर

दोघांचेही मनापासून आभार. वॉट-तासांचा हिशेब आणि गिलाव्याबद्दलचा इशारा या दोन्ही गोष्टी मला कोणत्याही माहितीपत्रकात मिळाल्या नव्हत्या. आईकडे जाऊन पाहिले. मोरीची एक भिंत मूळची जाड आहे आणि दुसरी नंतरची आडोशाची आहे. दांडा आता जाड भिंतीवरच बसवायचा असे ठरवले आहे, जरी त्यामुळे बादलीची जागा बदलावी लागणार असली तरी.

करवत किंवा ग्राइंडर घेण्याचा माझा विचार नाही, त्यामुळे 2 अँपिअर-तासांच्या दोन बॅटऱ्यांसह 12 व्होल्टचे इम्पॅक्ट ड्रिल घेण्याकडे माझा कल झाला आहे. परळच्या काँक्रीटच्या भिंतीवरील पडद्यांचे दांडे इलेक्ट्रिशियनकडून लावून घेईन.

आता दोनच गोष्टी विचारायच्या राहिल्या आहेत. नागदेवी स्ट्रीटवर, म्हणजे मुंबईतल्या हत्यारांच्या बाजारात, प्रत्यक्ष जाऊन घेतल्यास जीएसटीचे पक्के बिल आणि कंपनीची वॉरंटी घेताना नेमके काय तपासावे, विशेषतः बॅटरीची वॉरंटी यंत्राच्या वॉरंटीपेक्षा वेगळी असते का? आणि जुन्या विटेत आधारदांडा ज्यांनी स्वतः बसवला आहे, त्यांनी किती लांबीचे स्क्रू वापरले आणि केमिकल अँकरची गरज पडली का, हे कृपया कळवावे.