रात्रीची स्क्रिप्ट झेड ड्राइव्हवरच्या एक्सेल फाइली सेव्ह करत नाही, हाताने चालवली की चालते

रात्रपाळी_चाकण:

नमस्कार मंडळी, आठवडा झाला डोकं लावतोय, आता हात टेकले. आमच्या डिस्पॅचच्या १४ एक्सेल फाइली ऑफिसच्या सर्व्हरवर आहेत आणि तो शेअर (म्हणजे सगळ्यांनी वापरायचा सर्व्हरवरचा फोल्डर) सगळ्यांच्या पीसीला झेड ड्राइव्ह म्हणून मॅप आहे. मी पायथनमध्ये ओपनपायएक्सएल (एक्सेल फाइली वाचायची-लिहायची लायब्ररी) घेऊन छोटी स्क्रिप्ट केलीय, फोल्डरमधली एकेक फाइल उघडायची, शेवटच्या ओळीखाली त्या दिवसाचं टोटल टाकायचं आणि त्याच नावाने सेव्ह. दिवसा मी स्वतः चालवली की चालते, म्हणजे बहुतेक वेळा. पण टास्क शेड्युलरला (ठरल्या वेळी प्रोग्राम आपोआप चालवणारं विंडोजचं टूल) रात्री ११:३० ला लावली आणि युजर लॉगिन असो वा नसो चालव, हा पर्याय निवडला की म्हणते असा पाथच (फाइलीचा पत्ता) नाही. मग एक दिवस लॉगिन तसंच ठेवून घरी गेलो, तर पाचसहा फाइली झाल्या आणि पुढे पर्मिशन डिनाइड, एरर नंबर १३. एकदा तर 'ही झिप फाइल नाही' असं आलं, अरे बाबा झिप आणली कुणी! आणि परवा कहर झाला, एक फाइल सकाळी उघडेचना, साहेबांनी सगळ्यांसमोर विचारलं की तुझ्या कॉम्प्युटरने काम कमी केलं की वाढवलं. फोल्डरला मला फुल कंट्रोल आहे, आयटीवाल्याने दोनदा दाखवलं. कुठे बघू?

उलटा_स्लॅश:

दादा, तुमचे एक नाही, तीनचार वेगवेगळे प्रॉब्लेम एकाच पोत्यात भरलेत. पहिला सोपा आहे. झेड हे अक्षर पीसीचं नसतं, तुमच्या लॉगिन सेशनचं असतं. लॉगिन नसताना टास्क वेगळ्या सेशनमध्ये चालतो, तिथे झेड नावाचं काही नाहीच. (रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर केलं तरी बऱ्याचदा मॅप ड्राइव्ह गायब होतात, ते याच कारणाने.) म्हणून स्क्रिप्टमध्ये झेड लिहूच नका, पूर्ण पाथ द्या, \\सर्व्हर\डिस्पॅच असा, आणि टास्क ज्या अकाउंटने चालतो त्याला शेअरवर राइट हक्क आहे का ते बघा. आणि पायथनमध्ये पाथच्या अवतरण चिन्हाआधी आर (r) हे अक्षर लावायला विसरू नका, नाहीतर उलट्या स्लॅशपुढे एन आला की त्याची नवी ओळ होते. मी यात एक अख्खी दुपार घालवलीय, हसू नका.

जुना_सर्व्हरवाला:

वरचं बरोबर. आता १३ नंबरचं. तिथे पर्मिशन लिहिलंय म्हणून सगळे फोल्डरचे हक्क तपासत बसतात, पण बहुतेक वेळा फाइल दुसऱ्या कुणीतरी एक्सेलमध्ये उघडी ठेवलेली असते. एक्सेल ती वाचू देतं, लिहू देत नाही, म्हणून तुमची स्क्रिप्ट उघडताना गप्प आणि सेव्हच्या ओळीवर आपटते. फोल्डरमध्ये लपलेल्या फाइली दाखवा, ~$ ने सुरू होणारी पिटुकली फाइल दिसेल, ती एक्सेलची खूण, आत उघडणाऱ्याचं नाव असतं. तुमच्या झिपचं कोडंही तिथेच आहे. आताची एक्सेल फाइल म्हणजे आतून झिपच असते, आणि तुमची स्क्रिप्ट 'सगळ्या एक्सेल फाइली' म्हणून ही ~$ वालीही उचलते, एक्सेल क्रॅश होऊन ती मागे राहिली असेल तर झिप नाही म्हणून ओरडते. ~$ ने सुरू होणारं नाव सोडून द्या, एका ओळीचं काम आहे. नेमकं कोण धरून बसलंय ते सर्व्हरवर कॉम्प्युटर मॅनेजमेंट, शेअर्ड फोल्डर्स, ओपन फाइल्स इथे दिसतं. आयटीवाल्याला तिसऱ्यांदा बोलवा 😄

मॅक्रोवाला:

एवढं कशाला, सरळ पायथनमधून एक्सेलच उघडा आणि त्यालाच सेव्ह करू द्या, मी तसंच करतो.

जुना_सर्व्हरवाला:

@मॅक्रोवाला समोर बसून चालवत असाल तर ठीक. कुणी लॉगिन नसताना नको, मायक्रोसॉफ्टच सांगतं की असं वापरू नका. एखादा डायलॉग आला की तो दाबायला कुणी नाही, टास्क लटकतो, मागे एक्सेलचं भूत चालू राहतं आणि तेच फाइल धरून बसतं. आणि दुसऱ्याकडे उघडी असली तर एक्सेललाही ती रीड-ओन्लीच मिळणार, म्हणजे आपण होतो तिथेच.

रात्रपाळी_चाकण:

सापडलं!! डिस्पॅचचे काका स्क्रीन लॉक करून घरी जातात, एक्सेल उघडंच. ~$ च्या तीन फाइली होत्या, त्यातली एक तर मार्चमधली. काकांना सांगितलं तर म्हणाले, सकाळी परत कोण उघडत बसणार. पूर्ण पाथ दिला, लॉगिन नसताना आता चालतंय. पण ती खराब झालेली फाइल?

उलटा_स्लॅश:

ओपनपायएक्सएल सेव्ह करताना जुनी फाइल आधी रिकामी करतं आणि मग त्यावरच लिहितं, मधे नेटवर्क तुटलं की अर्धीच उरते. थेट शेअरवर सेव्ह करू नका. आधी स्वतःच्या डिस्कवर करा, परत उघडून बघा, मग त्याच शेअरच्या फोल्डरमध्ये वेगळ्या नावाने कॉपी करा आणि शेवटी पायथनच्या os.replace ने जुनीच्या जागी बसवा. रिप्लेस सी ड्राइव्हवरून थेट शेअरवर चालत नाही, म्हणून मधली कॉपी. काकांची फाइल उघडी असेल तर रिप्लेस अडेल, पण जुनी फाइल तरी शाबूत राहील, दहा मिनिटांनी परत ट्राय करा, नाहीच जमलं तर लॉगमध्ये नाव टाकून पुढची घ्या. आणि हो, उघडताना डेटा ओन्ली ट्रू (data_only=True, म्हणजे फॉर्म्युला नको, त्याचं उत्तर वाच) लावलंय का? लावून सेव्ह केलं तर सगळे फॉर्म्युले जाऊन नुसते आकडे उरतात.

रात्रपाळी_चाकण:

लावलंय 😶 आत्ता बघितलं, नऊ फाइलींमध्ये फॉर्म्युले नाहीत.

जुना_सर्व्हरवाला:

आज रात्रीचा टास्क आधी बंद करा. मग फोल्डरवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, प्रीव्हियस व्हर्जन्स. सर्व्हरवर शॅडो कॉपी (विंडोज आपोआप ठेवतं त्या जुन्या प्रती) चालू असेल तर जुन्या तारखा दिसतील.

रात्रपाळी_चाकण:

दिसतायत, गेल्या सोमवारपासूनच्या. स्क्रिप्ट मंगळवारी लावली होती. जेवण राहू दे, आधी हे करतो.